अर्ध्यावर तुटलेलं बोलावणं

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा. कोंडाणे गावाच्या वरची, डोंगरातली एक वाडी नजरेसमोर आणा. दुपारचे चार वाजलेत. लख्ख ऊन आहे. अंगणात नाचणी वाळते आहे.

अशा उन्हात कुणी भुताची गोष्ट सांगतं का? पण ही घडलेली आहे. गेल्या डिसेंबरात.

विनिता लोकांच्या चालीरीतींचा अभ्यास करायची. वाड्यावाड्यांतून फिरून जुनी गाणी रेकॉर्ड करायची. त्या दुपारचं रेकॉर्डिंग मात्र तिने आजवर कुणालाही ऐकवलेलं नाही.

समोर सोनुबाई आजी बसली होती. शेजारच्या चटईवर तिची आठ वर्षांची नात, कोंडी. कोंडीची आई सुंदरा वर्षापूर्वी तापाने गेली. आज तिच्या नावाचं गाणं होतं. त्या वाडीची रीतच तशी, वर्षातून एकदाच गायची. अर्ध्या गाण्यात गेलेल्या माणसाला घरी बोलवायचं, उरलेल्या अर्ध्यात परत पाठवायचं.

"मधी बोलू नको गं बाय," आजीने विनिताला आधीच बजावलं होतं.

आजी गाऊ लागली. सुंदराला नावाने हाक मारून झाली. तेवढ्यात खाली रस्त्यावर टेंपोचा हॉर्न वाजला.

विनिताचा हात सवयीने वर गेला.

"आजी, मध्येच हॉर्न आला. पहिल्यापासून घेऊ या?"

गाणं तिथेच तुटलं.

"काय केलंस गं," ती हळूच म्हणाली. "ती निघाली आसल. तुटलेलं गाणं जोडता येत नाय. आता वरीसभर तिला माघारी कोण धाडनार?"

विनिताच्या कानांवर अजून हेडफोन होते.

आधी कोंबड्यांची कुरकुर थांबली...

मग वाटेवरचा पाचोळा वाजला. एक पाऊल... जरा थांबून दुसरं.

कुत्रा उठला. भुंकला नाही. शेपूट हलवत रिकाम्या वाटेवर धावला... आणि कुणाच्या तरी पायांत घोटाळत यावं तसा हळूहळू परत आला.

"कोंडे, खाली बघ," आजी कुजबुजली. "हाक आली तरी ओ देऊ नको. ओ दिलीस तर तुला बी घिऊन जाईल."

बांगड्या किणकिणल्या... अगदी माइकजवळ.

"कोंडे..."

विनिताने झटकन हेडफोन काढले.

आवाज तरीही येतच होता.

कोंडीने मान वर केली नाही. ओसुद्धा दिली नाही.

ती फक्त चटईच्या कडेला सरकली... आणि शेजारी एका माणसापुरती जागा करून दिली.