खोकला आला नव्हता

तिला वाटलं होतं, आपण परत आलो की लोक प्रश्नांची रांग लावतील. इतकी वर्षं परदेशात राहून ती एकच गोष्ट शिकून आली होती. मोठ्या आजारातून उठलेला माणूस पुन्हा गिळायला कसा शिकतो, ही. प्रत्यक्षात तिला मिळाली जिन्याखालची एक खोली, एक डुगडुगती खुर्ची आणि एक टोपणनाव. घोटबाई.

"हसू नका," मामा म्हणाले. मामा म्हणजे हॉस्पिटलच्या गाडीचे जुने ड्रायव्हर. चाक पंक्चर काढायला गेलं होतं आणि पाळी संपवून वसतिगृहाकडे निघालेल्या नव्या सिस्टर शेडमध्ये अडकून पडल्या होत्या. "घोटबाई माझी सख्खी भाची. ऐकीव गोष्ट नाही ही. नोव्हेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीचे दोन वाजून गेलेले. तुमच्याच आयसीयूत."

मुली जवळ सरकल्या.

मग मामांनी सांगितलं ते असं.

आयसीयूतल्या सिस्टरांबद्दल घोटबाईचं मत पहिल्या आठवड्यातच पक्कं झालं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. सभागृहात गोळा करून तिने त्यांना पुन्हापुन्हा बजावलं, श्वासाची नळी काढली की पेशंटला तोंडाने पाणी देऊ नका, आधी मला बोलवा. मागच्या रांगेत डुलक्या चालायच्या. का देऊ नका, ते तिने कधीच सांगितलं नाही.

"सांगून कळणार आहे का त्यांना?" ती मामांना म्हणायची. "हात चालतात त्यांचे. डोकं देवाने दिलंय ते टोपी घालायला."

पलीकडूनही मान नव्हताच. आयसीयूच्या मोठ्या सिस्टर, वीस वर्षं त्याच वॉर्डात मुरलेल्या, सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "नळी निघाली की माणूस पहिलं काय मागतो? पाणी. आम्ही चमचाभर देतो. खोकला आला तर थांबतो, नाही आला तर नीट गेलं. एवढं कळायला विमानात बसावं लागतं होय?"

सगळा वॉर्ड हसला. त्या रात्री घोटबाईने बॅग माळ्यावरून खाली काढली. महिनाअखेर परत जायचं. ह्या लोकांसाठी आयुष्य घालवायचं नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी खिडकीजवळच्या सुताराची नळी काढली. दोन आठवडे मशीनवर काढलेला माणूस. बाहेर बाकावर त्याची मुलगी आनंदाने रडत होती. सकाळी त्याला गिळता येतंय का, ते घोटबाई तपासणार होती. त्यासाठी एक पावडर लागते, पाणी मधासारखं घट्ट करणारी. वॉर्डातली संपली होती आणि नवा डबा खोलीतच राहिला होता. झोप येत नव्हती, म्हणून तिने डबा पिशवीत टाकला आणि वॉर्डात ठेवून यावा म्हणून निघाली.

सुताराच्या उशाशी स्टूल. स्टुलावर अर्धा ग्लास पाणी आणि चमचा.

"दिलंत?" तिने विचारलं.

"दोन चमचे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "खोकला नाही, काही नाही. वर गोड हसला."

"छान. परवा ताप चढला की जंतूंवर ढकला."

"झोपा जाऊन, बाई. तोंड दुखेल."

पलीकडच्या टोकाला कुठलंसं मशीन वाजलं आणि सिस्टर तिकडे गेल्या. घोटबाईने सुताराचा पलंग डोक्याकडून उंच केला. त्याचा श्वास ऐकला. आत बारीक खळखळ होती.

तेवढ्यात मागे कुणीतरी घोट गिळला.

तिने वळून पाहिलं. शेजारचा पलंग रिकामा होता. चादर ताठ.

घशातलं पाणी ओढायचं मशीन असेल, तिला वाटलं. कामं अर्धवट टाकायची सवयच ह्यांना. तिने बटण पाहिलं. बंद होतं.

पुन्हा घोट. सावकाश. पाणी गळ्यात अडतं, वाट शोधतं, तसा.

मग आवाज. घशात पाणी धरून बोलावं तसा ओला.

"सिस्टर..."

परत येणाऱ्या मोठ्या सिस्टर मधेच थांबल्या. त्यांनीही ऐकलं होतं.

"मला... खोकला आला नव्हता..."

दोघी रिकाम्या पलंगाकडे वळल्या.

"म्हणून दिलंत ना... आणखी..."

चादर ताठच होती. उशीवर मात्र खळगा पडत गेला. डोक्याएवढा.

"मास्तर," सिस्टर पुटपुटल्या.

"कोण मास्तर?"

"शाळेतले. ह्याच पलंगावर होते. नळी काढली त्या दिवशी अख्खा ग्लास प्यायले. एकदाही खोकले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले. जंतू झाले म्हणून सांगितलं आम्ही घरच्यांना."

"नळीने घसा बधिर होतो," घोटबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "पाणी फुप्फुसात उतरतं आणि घशाला पत्ताच लागत नाही. खोकला येणार कुठून? जो खोकत नाही, त्याचीच जास्त भीती."

सिस्टरांनी तिच्याकडे पाहिलं. भीती होतीच, पण त्याहून जास्त राग होता.

"हे आत्ता सांगताय? सभागृहात नुसतं देऊ नका, देऊ नका. आम्हाला वाटलं, नखरे आहेत. हे का नाही बोललात?"

"तुम्हाला कळणार नाही असं..."



घोट.

आता अगदी जवळून. सुताराच्या उशाशी.

चमचा ग्लासाला लागून किणकिणला. एकदाच. स्टुलाजवळ कुणी नव्हतं.

मग... काही नाही.

त्या दोघींनी सुताराला सरळ बसवलं, घसा साफ केला, डॉक्टरांना उठवलं. दोन दिवस ताप आला. पण वेळेवर कळलं होतं. माणूस वाचला.

"आणि घोटबाई?" एका मुलीने हळूच विचारलं.

"सकाळी माझ्याकडे आली," मामा म्हणाले. "चेहरा पांढराफटक. म्हणाली, मामा, त्या बायका ढ आहेत. अजूनही म्हणते. पण कारण पोटात ठेवून हुकूम सोडणारी मी, मी तर महाढ. महिनाअखेर जात नाही. आजपासून रात्रपाळी मागून घेतेय, त्याच वॉर्डात. सभागृह बंद. एकेका पलंगाशी उभी राहून एकेकीला सांगेन, कंटाळल्या तरी सांगेन."

मामांनी बाहेर पाहिलं. चाक घेऊन येणाऱ्याच्या बॅटरीचा उजेड दिसत होता.

"मी म्हटलं, चांगलं केलंस. पण हातात काय आहे? तर तिने तो स्टुलावरचा ग्लास माझ्यापुढे ठेवला. आतलं पाणी मधासारखं घट्ट झालं होतं. चमचा मधोमध उभा.

"मग पिशवीतून पावडरीचा डबा काढला.

"डब्याचं सील फोडलेलंच नव्हतं."