कुमुदताईंचं विरजण

समितीच्या टेबलावर त्या दुपारी फायलींऐवजी दह्याचे डबे मांडलेले होते. काही स्टीलचे, काही काचेचे, आणि एक तर चक्क लोणच्याची रिकामी बरणी. कोल्हापूरच्या त्या संस्थेत दिवाळीनंतर राज्यभरातले चारशे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ परिषदेला जमणार होते. भाषणं ऐकता ऐकता निम्मा श्रोतृवर्ग चहाला निघून जातो, हा दरवर्षीचा अनुभव असल्यामुळे यंदा लोकांना स्वतः काहीतरी करून बघता येईल अशी सत्रं ठेवायची, असं ठरलं होतं. प्रस्ताव भरपूर आले. त्यातले बहुतेक म्हणजे जुनीच भाषणं, फक्त शेवटी ‘प्रश्नोत्तरे’ असा एक शब्द चिकटवलेला.

डॉ. केतकी हुपरीकरचा प्रस्ताव तेवढा वेगळा निघाला. येताना प्रत्येकाने आपल्या घरचं विरजण आणायचं आणि सभागृहाच्या दारातच त्याचा थेंब कुळदर्शक नावाच्या यंत्रात सोडायचा, एवढंच तिने मागितलं होतं.

कुळदर्शक त्या वर्षीच बाजारात आला होता. दिसायला घरातल्या मिक्सरएवढा. थेंबातल्या जिवाणूंची जनुकं वाचून तो नुसतं त्यांचं नाव सांगत नसे, नातं सांगत असे. हे जिवाणू कुणाचे वंशज, कुठल्या घराण्यातून फुटून निघाले, ते पडद्यावर रेघांनी उमटायचं. रुग्णालयांनी संसर्गाचा माग काढायला तो घेतला, दूध संघांनी भेसळ पकडायला. केतकीला त्याच्याकडून जरा आनंदाचं काम करून घ्यायचं होतं. विरजण शेजारून येतं, माहेराहून येतं, बदलीच्या गावी मांडीवरच्या डब्यातून जातं. चारशे घरांची विरजणं वाचली तर भिंतीवर मोठं झाड उभं राहील, आणि एकमेकांना कधी न पाहिलेली माणसं दह्याच्या नात्याने भाऊबंद निघतील, अशी तिची कल्पना होती.

“आधी आपल्यावरच चाचणी घेऊ,” समितीचे अध्यक्ष डॉ. इंगवले म्हणाले होते. “माझ्या दह्यापासून सुरुवात कर. त्याचा मूळ नमुना तर आपल्याच फ्रीझरमध्ये आहे.”

ही गोष्ट संस्थेत सगळ्यांना ठाऊक होती. इंगवले सरांच्या पत्नी कुमुदताई लग्न होऊन गडहिंग्लजहून आल्या त्या माहेरचं विरजण घेऊन. त्यांचं दही असं लागायचं की विद्यार्थी काहीतरी निमित्त काढून सरांच्या घरी जेवणाच्या वेळेला पोचायचे. सरांनी अर्धं शास्त्र आणि अर्धी थट्टा म्हणून त्या दह्यातले जिवाणू दोन-तीन कुप्यांत घालून उणे ऐंशी अंशांवर गोठवून ठेवले होते. पुढे कुमुदताई गेल्या. विरजण मात्र घरात चालूच राहिलं. सर परगावी गेले की संध्याकाळी सुनेला फोन करून आधी विचारायचे, “दही लावलंस का?” लोक त्यांच्यामागे हसायचे, पण त्या हसण्यात माया होती.

नेमका त्या दिवशी सर डबा घरीच विसरले. तो घेऊन त्यांची सून वृषाली आली, तेव्हा खोलीत केतकी एकटीच यंत्र लावत होती.

“ह्यात काय दिसतं हो, मॅडम?” वृषालीने विचारलं.

केतकीने हौसेने सगळं सांगितलं. फ्रीझरमधला नमुना आधीच वाचून ठेवलाय, आता डब्यातलं दही वाचलं की दोघांच्यामध्ये रेघ उमटेल, म्हणाली.

वृषालीने डबा टेबलावर ठेवला नाही. हातातच धरून राहिली.

“आबांचं नका तपासू,” ती म्हणाली.

“का?”

“आई गेल्या ना, त्या उन्हाळ्यात विरजण मेलं. दूध तसंच्या तसं राहिलं. दोनदा लावून बघितलं, लागलंच नाही. मग डेअरीतनं दह्याची पिशवी आणली आणि त्याचं लावलं. आबांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, कुमुदच्या हातचं आहे बघ अगदी. किती दिवसांनी धड जेवत होते ते. मग कशी सांगू?”

चारशे घरांतल्या किती डब्यांत असं काही झाकून ठेवलेलं असेल, हा विचार केतकीच्या मनाला शिवलाही नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात सर आणि समितीची मंडळी आत आली.

“सर, यंत्र आज जरा...” केतकीने सुरुवात केली.

“काय झालं त्याला? सकाळी तर चाललं की.” सरांनी वृषालीच्या हातून डबा घेतला, झाकण काढलं आणि स्वतःच थेंब सोडला. पोरासारखे खुशीत होते. चार जणांदेखत त्यांच्या हाताला धरून थांबवायचं धाडस केतकीला झालं नाही.

काही मिनिटांनी पडद्यावर रेघा उमटल्या. सरांच्या घरचं दही यंत्रात आधीच साठवलेल्या डेअरीच्या दह्याला जाऊन मिळालं होतं. कुमुदताईंच्या नावाचा ठिपका एका कडेला होता आणि त्याच्याकडे कुठलीच रेघ जात नव्हती.

“नमुन्यात गल्लत झाली असेल,” समितीतले प्रा. मुल्ला घाईने म्हणाले. “पुन्हा करू, सर.”

“गल्लत नाही,” सर म्हणाले. त्यांनी पडद्यावरची नजर काढून सुनेकडे पाहिलं. तिचा चेहरा बघितल्यावर विचारायचं फारसं काही उरलं नव्हतं. तरी त्यांनी विचारलं, “कधीपासून?”

“आई गेल्या त्या उन्हाळ्यापासून.”

सर खुर्चीत बसले. “रोज जेवताना मला वाटायचं, ती अजून घरात आहे,” ते म्हणाले. “मी तसं बोलूनही दाखवायचो. आणि तू वाढताना ऐकत होतीस.”

“हो.”

“राग नाही आला कधी?”

वृषालीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “कधीकधी यायचा, आबा. दही मी लावायची आणि नाव आईंचं व्हायचं. पण तुम्ही पोटभर जेवायचा.”

केतकीचे डोळे भरून आले होते. “सर, मी प्रस्ताव मागे घेते,” ती म्हणाली.

“मागे कशाला घेतेस? दारात आधी विचार प्रत्येकाला. खरं कळलेलं चालेल का, म्हणून.”

“असं विचारल्यावर नको कोण म्हणेल, सर?” मुल्ला म्हणाले. “प्रत्येकाला वाटतं, आपल्या घरात काय निघणार?”

“खरंय,” सर म्हणाले. “मला विचारलं असतं तर मीही हो म्हणालो असतो.”

प्रस्तावाचं काय करायचं ते त्या दिवशी ठरलंच नाही. मंडळी आपापले डबे उचलून हळूहळू निघून गेली. मग सरांनी केतकीला फ्रीझरमधली कुपी आणायला सांगितली.

बर्फाच्या पेटीत ठेवून तिने ती आणली. करंगळीएवढी कुपी, वर सरांच्या अक्षरात कुमुदताईंचं नाव. एवढी एकच उरली होती.

“जागे होतील का अजून?” सरांनी विचारलं. उत्तर त्यांना तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

“बरेचसे होतील. पण एकदा वितळवली की आजच दुधात घालायला हवी, सर. पुन्हा गोठवली तर किती टिकतील सांगता येत नाही.”

सरांनी पेटी जवळ ओढली. दुसऱ्या बाजूला वृषालीने आणलेला डबा तसाच उघडा होता, वर सायीचा पिवळसर थर. त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. कुपीला हात लावला नाही.

वृषाली पुढे झाली आणि तिने डब्याला झाकण लावलं.

“आबा, घरी दूध तापवून ठेवलंय,” ती म्हणाली. “आज कुठलं विरजण लावू?”