अण्णांच्या पेशी

गिरणीच्या कताई खात्यात चिंतामणरावांनी, म्हणजे घरच्यांच्या अण्णांनी, उभी हयात घालवली, आणि गिरणीनं बदल्यात दिली ती कापसानं पोखरलेली फुप्फुसं. इंदूरच्या मिलांना एकेक करून कुलपं लागत होती, तेव्हा तुकोगंजात एक नवी खाजगी लॅब उघडली. त्यांची मुलगी मधुवंती तिथं पेशींवर संशोधन करायची. "चला, मिलनं घालवलं ते लॅबनं दिलं," तिची आई, कुमुदिनीबाई, म्हणायच्या.

तपासणीसाठी अण्णांच्या फुप्फुसाचा तुकडा काढला, तेव्हा मधुवंतीनं त्यातल्या थोड्या पेशी मागून घेतल्या. अशा पेशी बाटलीत वाढतात, पण पुढे थकून थांबतात. त्यांचं म्हातारपण रोखणारं जनुक नुकतंच सापडलं होतं. तिनं ते अण्णांच्या पेशींत घातलं. बापाच्या दुखण्यावरचं औषध आपल्या हातून निघावं, एवढाच लोभ. पेशी थांबल्या नाहीत.

पेशींनाही खाऊ घालावं लागतं. वासराच्या रक्तातला अर्क मिसळलेलं गुलाबी पाणी, एक दिवसाआड. लॅबमध्ये त्याला 'फीडिंग' म्हणतात. नेमकं फीडिंगच्याच दिवशी अण्णा ताट सरकवायला लागले.

"आत्ताच तर झालं जेवण."

"कुठलं झालं? सकाळपासून अन्नाचा कण नाही पोटात!" कुमुदिनीबाई करवादल्या.

"झालं म्हणतो ना! अन् मधू, तोंडाला रक्ताची चव का येते गं?"

मधुवंतीचा घास हातातच राहिला. घरात तिनं वासराचा विषयसुद्धा काढला नव्हता. योगायोग, दुसरं काय! तरी एकदा तिनं मुद्दाम फीडिंग चुकवलं. त्या दिवशी अण्णांनी पोहे खाल्ले, जिलबी खाल्ली, बायकोच्या ताटातली पोळी ओढून घेतली, आणि तरीही भूक भूक करत लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी तिनं मुकाट्यानं पाणी बदललं.

उन्हाळ्यात अण्णांनी अंथरूण धरलं. पाठीला जखमा झाल्या, श्वासासरशी छाती घरघरायची. डॉक्टर नाडी धरून चक्रावले. "ही चालतेय कशावर, समझ में नहीं आता."

अण्णांनी लेकीचं मनगट धरलं. "मधू, बस हो गया आता. सोडव मला."

कसं सोडवायचं, ते एकट्या तिलाच ठाऊक होतं. सख्ख्या बापाला मारायचं! पण ते हाल बघवेनात.

दुपारी लॅबमध्ये तिनं एकेका बाटलीत ब्लीच ओतलं. गुलाबी पाण्याचा रंग उडाला. ती ढसाढसा रडली.

तिच्या हाताखाली काम करणारा रघुवीर आत आला. "अरे मॅडम, खराब झाल्या क्या? टेन्शन मत लो. इतक्या चांगल्या पेशी मी एका जागी कशाला ठेवीन? पुण्याला पाठवल्या, हैदराबादला पाठवल्या. बाकी आपल्या नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवल्यात, बर्फाहून थंड."

चांगल्या पेशी मागेल त्याला द्यायच्या, ही लॅबांची रीतच. त्याला ती मधुवंतीनंच शिकवली होती.

ती धावत घरी आली. गल्लीत ऊन रणरणत होतं. अण्णा डोळे मिटून पडले होते. छाती हलत नव्हती.

"गेले गं!" आईनं हंबरडा फोडला.

मधुवंतीनं त्यांचा हात हातात घेतला. थंडगार होता. "सुटले," ती पुटपुटली.

अण्णांचे ओठ हलले.

"सोडवणार होतीस ना? मग इथं कुठे आणून ठेवलंस, मधू? फार थंडी आहे गं."

मे महिन्याच्या त्या दुपारी, त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.