लाल कडेचं ताट

गोवर्धननं पहिला घास उचलला आणि ताटाची कड लाल झाली.

"थांबा बाबा, खाऊ नका," म्हणत सुनेनं, नूपुरनं, ताट ओढून घेतलं. फोडणीचा भात होता. आदल्या दिवशीचा भात रात्रभर ओट्यावर तसाच राहिला होता. तिनं घाईनं पीठ मळलं, पोळ्या लाटल्या, पिठलं टाकलं. या वेळी कड हिरवी झाली. गोवर्धन जेवला.

बार्शीत आता घरोघरी ही पारखी ताटं आली होती. कडेला पातळ पट्टी असायची. अन्नाचा ओलावा पट्टीला लागला, की त्यात जंतूंचं विष आहे का ते तिला कळायचं, आणि त्या जेवणाची नोंद कंपनीकडे जायची. तीन महिन्यांपूर्वी, ही ताटं घरात असतानाच, गोवर्धनची बायको मालन गेली. शिळा भात बाधला. दोन दिवस उलट्या, मग लिव्हर निकामी. डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं. त्या क्वचितात तीच का सापडली, ते कुणी सांगितलं नाही.

तो हात धूत होता, तेवढ्यात ताटांच्या कंपनीचा माणूस आला. प्रज्वल नाव. बगलेत चकचकीत पाटी.

"अभिनंदन काका! तीन वर्षांत तुमच्याकडे एकाही लाल ताटात कुणी जेवलं नाही. शंभर टक्के सुरक्षित घर! ही पाटी दाराला लावायची."

"या घरातली बाई विषबाधेनं मेली," गोवर्धन म्हणाला.

प्रज्वलचा चेहरा उतरला. त्यानं हातातल्या पडद्यावर बोट फिरवलं. "बाहेर काही खाल्लं असेल त्यांनी. आमच्याकडे तशी नोंद नाही."

"तिच्या जेवणाची नोंद आहे का? बघ."

"चौथं ताट त्यांचंच ना? ते... सणावाराला वापरलेलं दिसतंय."

"आणि बाकीचे दिवस काय ती उपाशी होती? तीन वर्षं?" गोवर्धनचा आवाज चढला. "सगळ्यांचं झालं की ओट्याशी उभी राहून कढईतलंच खायची ती. उरलंसुरलं. तेवढंच एक ताट घासायचं कमी! चल आत. कुठं उभी राहायची ते दाखवतो तुला. तिथं लाव तुझी पाटी."

त्यानं प्रज्वलला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं, आणि दारातच थांबला. नूपुर ओट्याशी उभी होती. समोर कढई. कढईत तोच भात. तोंडात घास.

"एवढा भात टाकायचा कसा?" ती घास गिळत म्हणाली. "परत कडकडीत तापवलाय, बाबा. जंतू राहतायत होय त्यात?"

"जंतू मरतात हो वहिनी," प्रज्वल घाबरून म्हणाला, "पण त्यांनी आधीच भातात सोडलेलं विष तसंच राहतं. उकळलं तरी जात नाही. निवल्यावर तासाभरात भात फ्रिजमध्ये ठेवायला हवा होता."

गोवर्धननं कढई हिसकावली, भात कचऱ्यात ओतला, कढई मोरीत आपटली.

"कढईला पट्टी का नाही रे बसवली?"

"बसवता येते, काका. कुणी मागितली नाही. ताटं काढायच्या आधी आम्ही घरोघर फिरून विचारलं होतं."

"कुणाला?"

प्रज्वल खाली बघत म्हणाला, "जे जेवायला बसले होते, त्यांना."

"वा! पाटी घे आणि निघ. आत्ताच्या आत्ता निघ!" मग तो नूपुरकडे वळला. "आणि तू? सासू कशानं गेली ते डोळ्यांनी पाहिलंस ना? ताट लाल झालेलं तूच आधी बघितलंस. शिकलेली बाई तू! किती खाल्लास?"

"निम्मा झाला असेल."

"चप्पल घाल. दवाखान्यात चल. एक ताट घेऊन बसायला काय होतं तुम्हाला? चार ताटं आहेत घरात!"

नूपुरनं हात धुतले. ते पुसत ती त्याच्याकडे वळली.

"तुमचं ताट लाल झालं तेव्हा मी पीठ मळलं, बाबा. माझं लाल झालं असतं, तर कोण उठलं असतं?"