महल्ल्याचंच कापड

तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या भुवयांना कापूस चिकटलेला होता आणि अंगावरून पाणी निथळत होतं. तूबा महिन्यातला, ऐन हिवाळ्यातला पाऊस म्हणजे आमच्या झिफ्ता गावाच्या गल्ल्यांत नुसता राडा. पिंजायची धनुकली त्याने खांद्यावरून उतरवून दाराशी टेकवली आणि विचारलं, पाऊस थांबेपर्यंत उभा राहिलो तर चालेल का. मी म्हटलं, राहा, पण ताग्यांपासून लांब, आणि अंगबिंग झटकू नका. आता आठवलं की जीभ चावते. पण तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि बाजारात माझा केवढा तोरा होता!

तोऱ्याला कारण होतं. माझे बाबा, हाजी शहाता, डोळे मिटून कापड सांगायचे. चिमटीत धरलं की सूत किती, खळ किती, माग कुठला, सगळं. लग्नाच्या रजईचं साटीन, तेही महल्ला शहरातल्या मागांवरचं अस्सल सुती, घ्यायला लोक नदीवरचा पूल ओलांडून आमच्याकडे यायचे. ही विद्या बाबांनी मला दिली होती आणि मी ती येता-जाता मिरवत होते.

त्याने हात पुसले. आतल्या खिशातून डाळिंबी रंगाचा एक तुकडा काढला आणि माझ्यापुढे धरला.

"सांगा बघू. पण डोळे मिटून हं."

मी डोळे मिटले. तुकडा चिमटीत चोळला, कानाशी नेऊन ताणला, हुंगला... "महल्ल्याचं. आजकालचं नाही, वीस वर्षं तरी जुनं. खळ नाही, म्हणजे धुऊन ठेवलंय. आणि ट्रंकेत ठेवलंय, लवंगा घालून."

डोळे उघडले तर तो कापडाकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

"किनारीला दोन निळे धागे आहेत. ते नाही सांगितलंत."

"रंग बोटांना कळत नाही, ओस्ता." कारागिराला आमच्याकडे असंच म्हणतात.

"बरं झालं — तुम्हाला न कळणारी एक तरी गोष्ट निघाली."

नाव बद्रान. समन्नूद गावचा, पिंजाऱ्याच्या घरातला. झिफ्त्यात काकाकडे रजया शिवायला आलेला. आईने त्याच्या लहानपणीच त्याच्या लग्नाच्या रजईसाठी हे साटीन घेऊन ठेवलं होतं. आई गेली, साटीन राहिलं. त्यातलाच तुकडा तो खिशात घेऊन फिरायचा. मी म्हटलं, ठेवून ठेवून कसर लागेल. "मग घाई करायला हवी," तो म्हणाला आणि इतका वेळ हसत उभा राहिला की पाऊस थांबलाय हे दोघांनाही कळलं नाही.

मग तो दर दोन दिवसांनी दोरा घ्यायला येऊ लागला. एवढा दोरा अख्ख्या झिफ्त्याच्या रजयांना लागला नसता. कधी पांढरा, कधी गुलाबी, आणि एकदा तर हिरवा, जो कुठल्याच रजईला लागत नाही. मी रीळ देताना तो बोटांना बोट लागू द्यायचा नाही, फक्त अदबीने "शुक्रन, सित्त विदाद" म्हणायचा... आणि माझे कान तापायचे.

असं सगळं छान चाललेलं असताना मी माती खाल्ली.

झालं असं. एका दलालाकडून बाबांनी डाळिंबी साटीनचे पाच तागे घेतले, महल्ल्याचे म्हणून. मी सहज एकाला हात लावला आणि पुन्हा चोळून बघितलं. वरून मऊ, पण आत काहीतरी बुळबुळीत. स्वयंपाकघरात जाऊन एक धागा ओढला आणि काडी लावली. सुती धागा जळतो तेव्हा त्याची भुरभुरीत राख होते, कागद जळाल्यासारखा वास येतो. याचा काळा कडक मणी झाला आणि नाकात झोंबलं. अर्धं पॉलिस्टर. बाबा फसले होते.

दोन वर्षं त्यांना साखरेचा आजार होता. डॉक्टर म्हणाला होता, बोटं बधिर होतील. पण बाबांनी कधी त्याचं नाव काढलं नाही, म्हणून मीही काढलं नाही. कसं सांगणार होते? बाबांकडे बोटांशिवाय होतं काय. मी ते तागे मागे ढकलून ठेवले.

आणि चारच दिवसांनी उम्म मुख्तार, म्हणजे मुख्तारची आई, आली. आमच्याच गल्लीतली. तिच्या लेकीचं, इन्शिराहचं लग्न ठरलं होतं आणि रजईला डाळिंबीच साटीन हवं होतं. मी दुसरे रंग दाखवत राहिले. गुलाबी काढलं, निळं काढलं. बाबा स्वतः उठले, मागे गेले आणि नेमका त्यातलाच तागा काढून तिच्यापुढे उलगडला. कापड चिमटीत धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"महल्ल्याचं आहे. काय गं विदाद?"

मी म्हणाले, "हो बाबा. महल्ल्याचंच आहे."

किती सोपं होतं ते! उम्म मुख्तारने मला दुवा दिली, म्हणाली तुझीही रजई लवकर शिवली जावो. जाता जाता म्हणाली की रजई बद्रान शिवणार आहे. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं.

दुसऱ्या दिवसापासून तो दिसला की मी पडद्यामागे जायची. अशा कापडात कापूस धरत नाही, आत गोळा होतो, रजई अंगावरून घसरते, खाली माणसाला घाम येतो. पिंजाऱ्याला हे सुई टोचल्याक्षणी कळतं. त्याने बोभाटा केला तर बाबांचं नाव बुडणार. नाही केला तर माझं खोटं त्याला स्वतःच्या हाताने टाचावं लागणार. दोन्हीकडून तोंड काळं माझंच... आणि भीती खरं तर तिसरीच होती. तो माझ्याकडे पुन्हा तसं बघणार नाही याची.

रजई शिवायच्या आदल्या दिवशी मला पळायला जमलं नाही. बाबा नमाजाला गेले होते. तो दारात उभा राहिला, आत आला नाही. दोरा मागितला नाही.

"उम्म मुख्तारचं कापड बघितलं," तो म्हणाला. "त्याच्याबद्दल मला काही सांगायचं राहिलंय का?"

तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने विचारलं ते इतक्या मऊपणे की तेव्हाच सांगून मोकळं व्हायला हवं होतं. मी रिळं नीट लावत बसले.

"नाही. काय राहणार?"

"बरं," तो म्हणाला आणि निघून गेला. पहिलं खोटं बाबांसाठी होतं असं मनाला समजावता तरी येत होतं. हे दुसरं निव्वळ माझं होतं. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गल्लीत चटया अंथरल्या होत्या. बायका जमल्या होत्या, सरबताचे पेले फिरत होते, मध्येच कुणीतरी जिभेने आनंदाची लकेर काढत होतं. बद्रान मांडी घालून मध्यभागी बसला होता, पुढ्यात डाळिंबी रजई, त्यावर खडूने काढलेलं कमळ. त्याची सुई भराभर चालली होती. इन्शिराह बाजूला बसून लाजत होती, रजईवर सारखा हात फिरवत होती. तिचा तो हात मला बघवेना.

मी सरळ मध्ये गेले.

"मावशी, थांबवा हे. कापड महल्ल्याचं नाही. बाबांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मी खोटं बोलले."

उम्म मुख्तार माझ्याकडे बघतच राहिली. आता कुणी विश्वास ठेवावा म्हणून मी चहाच्या स्टोव्हजवळची काडेपेटी उचलली, बद्रानच्या गुडघ्याशी उरलेली पट्टी पडली होती तिच्यातून धागा ओढला आणि सर्वांसमोर पेटवला.

भुरभुरीत राख झाली. कागद जळाल्यासारखा वास आला.

मी दुसरा धागा ओढला. तीच राख. मग कुठे मी त्या पट्टीकडे नीट बघितलं... किनारीला दोन निळे धागे होते.

बायका हसायला लागल्या. कुणी म्हणालं पोरीचं डोकं फिरलंय, कुणी म्हणालं इन्शिराहचं लग्न बघवत नाहीये हिला. उम्म मुख्तारने मला चांगलंच झापलं — ज्या हाजी शहाताची बोटं कधी चुकली नाहीत त्याच्या पोटी ही असली मत्सरी कार्टी. मी तोंड उघडलं. खरं सांगायचं होतं, सगळं. तेवढ्यात बद्रान मान वर न करता, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू बोलला.

"बोललीस ना? पुरे. आता बस."

तो मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. मी होते तिथे मटकन बसले आणि ढसाढसा रडले. गल्लीने त्याचाही मत्सर असाच अर्थ लावला. लावू दे. काहीतरी शिक्षा मला हवीच होती.

घरी आले तर बातमी माझ्या आधी पोचली होती. बाबा अंधारत चाललेल्या दुकानात हात मांडीवर ठेवून बसले होते. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "बोटांना काही कळत नाही गं, दोन वर्षं झाली. कापड धरतो आणि तुझ्या तोंडाकडे बघतो. तू हो म्हणालीस की मी विकतो."

म्हणजे मी ज्यांना वाचवायला खोटं बोलले, त्यांनाच फसवलं होतं. मी त्यांच्या पायाशी बसले, त्यांचे बधिर हात हातात घेतले. उरलेले तागे दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून पोतडीत भरले, गोदामाची फडकी करायला.

बद्रान आला तो त्याच संध्याकाळी, थोड्या वेळाने. मी विचारलं, का केलंत असं? आईचं कापड होतं ते.

"काल विचारलं तेव्हा तू खरं सांगितलं असतंस तर कालच तुझ्या बाबांशी बोललो असतो," तो म्हणाला. "नाही म्हणालीस, म्हणून रात्रभर ते कापड कापत बसलो आणि स्वतःला शिव्या घातल्या. म्हटलं, हिच्यासाठी एवढं करतोयस आणि ही तर धड खोटंही बोलू शकत नाही. रिळं उलटी लावत होतीस."

"मग आज?"

"आज तू काडी पेटवलीस." तो हसला. तसाच, पहिल्या दिवसासारखा. "पण आता माझ्या रजईला कापड नाही उरलं."

मी म्हणाले, मी स्वतः महल्ल्याला जाते, मागावर उभी राहून आणते, धागा न् धागा जाळून बघते. तो मान हलवत राहिला. कापड आहे की, म्हणाला. उम्म मुख्तारचं कापलेलं साटीन माझ्याकडेच पडलंय, तुमच्याच दुकानातलं. मी नको नको म्हणत होते... आणि तो बाबांना हाक मारत आत गेलासुद्धा.

लग्नात आम्हाला तीच रजई होती. आज सव्वीस वर्षं झाली. तिच्या आत कापूस गोळा झालाय, थंडीत ती घसरून पायाशी जाते, अंगावर घेतली की घाम फुटतो. दर हिवाळ्यात मी म्हणते, टाकून देऊया ही, मला लाज वाटते. दर हिवाळ्यात तो ती झटकून माझ्या अंगावर घालतो, किनार चिमटीत धरतो, डोळे मिटतो आणि गंभीर चेहऱ्याने सांगतो —

"महल्ल्याचंच आहे. माझ्या बायकोनेच सांगितलंय."