कल्पितानं शिवलेला स्पीकर

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात जाळं फाटलं की लोक दोन नावं घ्यायचे. आधी देवाचं, मग कल्पिताचं. तिनं सांधलेलं भोक मुळात कुठं होतं, ते मासळीलासुद्धा उमगायचं नाही. पोरीला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून मान जरा ताठच असायची. का नसावी? हातात कसब असलेल्या बाईनं खाली बघून चालायचं, हा कुठला कायदा?

आषाढातली दुपार होती. होड्या किनाऱ्यावर ओढून पावसाळ्यापुरत्या झापांनी शाकारलेल्या, मासेमारी बंद, घरोघरी जाळी पसरलेली. कल्पिता ओट्यावर जाळं घेऊन बसली होती, तोच पाऊस आडवा घुसला. जाळं उराशी कवटाळून ती पळाली ती थेट समोरच्या इंजिनांच्या शेडमध्ये.

आत काहीतरी गुरगुरलं. घशात वाळू अडकल्यासारखं...

"कुणाचं इंजिन हाय हे? मरायला टेकलंय," ती म्हणाली.

"इंजिन न्हाय, गिटार हाय," आतून उत्तर आलं. "आणि मरत न्हाय ते. गातंय."

विनेश होता तो. पावसाळ्यात सगळ्या होड्यांची इंजिनं त्याच्याकडंच यायची. हनुवटीला ग्रीस, गळ्यात गिटार, आणि डोळे असे की कल्पितानं एकदा बघितलं आणि मग मुद्दाम छपराकडं बघितलं. मागं त्याचा दोस्त कमलेश डिझेलच्या रिकाम्या पिंपांवर काठ्या आपटत होता. तिला बघून त्यानं काठ्या खाली ठेवल्या आणि चहा आणतो म्हणून निघून गेला. शहाणा पोरगा.

पाऊस थांबेना. मग विनेशनं तिला सांगितलं, याला गॅरेज रॉक म्हणतात. साठ सालाच्या पुढं-मागं अमेरिकेतल्या पोरांनी गाडी ठेवायच्या खोलीत हे सुरू केलं. ना गुरू, ना शिकवणी. स्वस्तातली गिटार, तीन-चार सूर, आणि बाकी सगळा जोर छातीचा. मोठ्या गवयांनी नाकं मुरडली. पुढं नवी गाणी आली आणि ही पोरं कुणाच्या ध्यानात राहिली नाहीत. मग ऐंशीच्या सुमाराला कुणीतरी जुन्या तबकड्या उकरून काढल्या आणि ते पुन्हा उठलं. पुन्हा झोपलं, आणि दोन हजार सालाच्या आसपास परत उठलं, असं की जगभर वाजलं.

"म्हणजे सारखं मरतंय आणि सारखं उठतंय," कल्पिता म्हणाली. "धड एकदा काय ते ठरवत न्हाय."

"बाहेर होड्या शाकारल्यात, त्या काय मेल्यात?"

कल्पितानं दारातून त्या होड्यांकडं बघितलं.  राग यायला हवा होता... आला नाही.

त्यानंतर तिच्या ओट्यावर म्हणे उजेड कमी पडायला लागला. जाळं घेऊन ती रोज शेडमध्ये यायची. तो इंजिन खोलायचा, ती सांधायची. तो वाजवायला लागला की तिची सुई त्याच्या तालावर चालायची, आणि तो तिच्याकडं बघत बघत चुकीचा सूर लावायचा. ती म्हणायची, तुझं लक्ष कुठं हाय? तो म्हणायचा, जिथं असायला पायजे तिथंच हाय.

नारळी पौर्णिमेला बंदरावर वाजवायचं, हे विनेशचं स्वप्न होतं. पंचांनी नाखुशीनं हो म्हटलं, पण एक अट घातली. कोळीवाडा नाचला तर ठीक, नाहीतर हा गोंगाट कायमचा बंद. शेड जमातीची होती, त्यामुळं पंचांचा शब्द मोडता येत नव्हता.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी तो इंजिनाचा एक भाग आणायला अलिबागला गेला. कल्पिता शेडमध्ये एकटीच होती. तिची नजर त्याच्या गिटारीच्या स्पीकरवर गेली, तर कागदी पडद्याला ही एवढी चीर! नारळी पौर्णिमेला कोळ्याच्या घरात फाटकं काही ठेवायचं नसतं. सणानंतर जाळं समुद्रात जातं ते भोक नसलेलंच. आणि हा वेडा असला फाटका स्पीकर घेऊन बंदरावर उभा राहणार? तिनं बारीक सुई घेतली, तलम धागा घेतला, टाके घातले, वरून गोंद फिरवला. जीव ओतून केलं. जाळ्याला एवढी माया तिनं कधी लावली नव्हती.

संध्याकाळी विनेश आला. त्यानं तार छेडली... आणि थांबला. पुन्हा छेडली. स्वच्छ, गोड, शाळेतल्या प्रार्थनेसारखा आवाज आला. कमलेशच्या हातातली काठी हवेतच राहिली.

"बघ," कल्पिता म्हणाली, "टाका दिसतोय का कुठं?"

"न्हाय दिसत," विनेश हळूच म्हणाला. "तेच तर झालं."

मग त्यानं समजावलं. ती गुरगुर त्या चिरीतूनच यायची. साठच्या त्या काळी काही जणांनी असल्या आवाजासाठी मुद्दाम पातं घेऊन धडधाकट स्पीकर फाडले होते. त्याच्या हातून एकदा स्पीकरवर पाना पडला आणि आपोआप चीर पडली, तेव्हा तो तर नाचला होता.

कल्पिताच्या कामाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं.  तिनं सुई उचलली आणि ती चालू लागली.

घरी तिची आई गोदूबाई कोलीम, म्हणजे बारीक सुकट, वाळवणीवरून आत घेत होती. भर बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारी बाई. पोरीचं तोंड बघून तिनं घडलेलं सगळं तिच्याकडून काढून घेतलं आणि पदर खोचला. माझ्या लेकीच्या हाताला नाव ठेवतो काय, आत्ता जाऊन बघते म्हणाली.

"आई, थांब," कल्पिता म्हणाली. "हात माजा बरोबरच हाय. पण ते जाळं न्हवतं."

गोदूबाईनं लेकीकडं निरखून बघितलं. खोचलेला पदर हळूच सोडला.

कल्पिता परत शेडमध्ये गेली, तर विनेश स्पीकरपुढं मांडी घालून बसलेला, हातात पातं. कधीपासून बसला होता, देव जाणे.

"काप की," ती म्हणाली. "उद्या वाजवायचं न्हाय का?"

"हात होत न्हाय."

"का?"

"तू केलंयस ते... एवढं कुणी माज्यासाठी कधी केलं न्हाय. राहू दे तसंच. उद्या न्हाय नाचले लोक तर न्हाय नाचले."

स्वप्न सोडायला निघाला होता पठ्ठ्या, चार टाक्यांपायी. कल्पितानं त्याच्या हातातलं पातं काढून घेतलं.

"सरक. माजं शिवलेलं मीच उसवणार. दुसऱ्यानं हात लावून बघावा."

तिनं वरपासून खालपर्यंत एका दमात फाडलं. सांधणाऱ्या बाईला कुठं फाडायचं तेही कळतंच. विनेशनं तार छेडली आणि शेडचे पत्रे थरथरले. पहिल्यापेक्षा दुप्पट गुरगुर, वाघ जागा झाल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी दर्याला नारळ वाहिला आणि विनेश बंदरावर उभा राहिला. पहिलं गाणं लोक हाताची घडी घालून ऐकत राहिले. दुसऱ्याला त्यानं आपल्याच कोळीवाड्याची चाल त्या गुरगुरीत मिसळली, आणि सगळ्यात आधी नाचायला कोण उतरलं? गोदूबाई. ती नाचते म्हटल्यावर बसून राहायची टाप कुणाची होती? बाया उतरल्या, होड्या हाकणारे तांडेल उतरले, शेवटी पंचसुद्धा पाय आपटायला लागले.

गाणं संपल्यावर विनेशनं माइक धरला. "हा आवाज कल्पिताच्या हातचा हाय," म्हणाला. सगळं बंदर वळून तिच्याकडं बघायला लागलं. दुसरी पोर लाजून पदराआड गेली असती. कल्पितानं मान वर करून सगळ्यांना बघू दिलं.

घामानं निथळत तो खाली उतरला तेव्हा ती आईशेजारीच उभी होती.

"आई," ती म्हणाली, "मी याला हो म्हटलंय."

विनेशनं तर अजून काही विचारलंच नव्हतं. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग गोदूबाईकडं, आणि गळ्यातल्या गिटारीसकट वाकून तिच्या पाया पडला.

"ऊठ," गोदूबाई म्हणाली. "घरी ये, जेवायला. आणि येताना तुज्या आईला घेऊन ये."