उलट्या तोंडाची सीट

अकोल्यात जठारपेठेतल्या शाहनवाजच्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानासमोर एक छोटी गाडी थांबली अन् चालवणारीनं खिडकीतूनच विचारलं, "तान्ह्या लेकरासाठी उलट्या तोंडाची सीट हाये का?"

"उलटी काहून? त्याले रस्ता नाई पाहू द्यायचा?" तो हसला.

यास्मीन हसली नाही. "ब्रेक लागला तर झटका पाठीवर जावा, मानेवर नाई."

ती नर्स होती. बदली धारणीच्या दवाखान्यात झाली होती. धारणीच्या वाटेवरच्याच घाटात, हे लेकरू, उसामा, पोटात असताना, तिचा नवरा वाहेद जीपच्या अपघातात गेला होता. सासू रजियाबी तर हट्टालाच पेटली होती, "तुले जायचं तर जा. माह्या नातवाले त्या रस्त्यानं नेऊ देणार नाई!" पोराला सोडून जायच्या विचारानंच यास्मीनच्या काळजाचं पाणी व्हायचं.

कापसाचे वाईट दिवस होते ते, दुकानात कुत्रं फिरकत नव्हतं. शाहनवाजला वेळच वेळ! पहिली सीट गाडीच्या दारातून आतच जाईना. दुसरीला गाडीचा पट्टा पुरेना. दोघं वाकून पट्टा ओढायचे, बोटांना बोटं लागायची अन्... दोघंही पट्ट्यावरच चिडायचे. बायको वारल्यापासून एकटा पडलेला हा माणूस आता आरशासमोर केस विंचरू लागला. अन् यास्मीन? फोन करायचा सोडून अकोटच्या घरून स्वतः यायची, सीट आली का विचारायला!

तिसरी सीट नीट बसली. त्या दिवशी रजियाबीही सोबत होती. यास्मीननं उसामाला सीटमध्ये बसवलं.

"लेकरू मांगं एकटं रडलं त कोण पाहीन?" तिनं विचारलं. "तू गाडी चालवशील का त्याले पाहशील?"

सगळं मुसळ केरात जाणार, असं यास्मीनला वाटलं.

"मी बसीन मांगं... पोराच्या बाजूले," शाहनवाज म्हणाला.

"बाई गाडी चालवीन अन् मरद मांगं लेकरू सांभाळीन? आमच्यात मरद पुढं बसते! अन् तू कोण लागतं रे आमचा?"

"तेच त, अम्मी..." त्यानं यास्मीनकडे पाहिलं. "कोण म्हणून बसू, ते यास्मीननं सांगावं."

तिची मान खाली गेली. "अम्मी नाई म्हणाल्या त नाई. पण... तुमी बसावं, असं मले लय वाटते."

वाहेदचं नाव रजियाबीच्या ओठांवर आलं अन् तिथंच राहिलं. तिनं डोळ्यांना पदर लावला, मागचं दार उघडलं अन् ती उसामाच्या शेजारी जाऊन बसली.

"निकाह झाल्यावर बसजो," ती शाहनवाजला म्हणाली. "तवर धारणीपर्यंत मीच बसीन."